जाळीचं दुसरं टोक

मुकुंदा,

तू गेल्याला आज एकोणीस दिवस झाले. त्यातले शेवटचे पाच दिवस मी दुपारी तीन वाजले की दुकानातून बाहेर येतो आणि आभाळाकडे बघत उभा राहतो. आत गिऱ्हाईक डिशच्या रिमोटसाठी खोळंबलेलं असतं आणि मी भर रस्त्यात मान वर करून. परवा शेजारचा चहावाला म्हणाला, "काऊन हो गजाभाऊ, इमान येऊन राह्यलं का?" मी हसलो. त्याला काय सांगणार, की मी विजेची वाट बघतोय, आणि ती येऊ नये म्हणून बघतोय.

मला लिहायची सवय नाही, तुला ठाऊक आहे. आयुष्यात मी लिहिलं ते फक्त दुरुस्तीला आलेल्या टीव्हीवर चिकटवायच्या पट्टीवर, गिऱ्हाइकाचं नाव आणि 'आवाज नाही'. तुझा नंबर मोबाइलमधून अजून काढलेला नाही. पण मला जे बोलायचंय ते तू जिवंत असतानाही फोनवर बोलता आलं नव्हतं, मग आता कागदच बरा.

आपली दोस्ती अँटेनावर जमली. तुझे वडील कारकून, साखरखेर्ड्यात आपल्या गल्लीतला पहिला टीव्ही तुमच्याकडे. तुला उंचीची भीती, म्हणून टिनाच्या छपरावर चढायचं काम माझं. तू दारात उभा राहून "आलं! गेलं! अबे गेलं!" करून ओरडायचास. हे त्या काळी सगळ्याच गावांत चालायचं. पण चित्र लागलं की सगळे आत बसून सिनेमा बघायचे आणि तू खडू घेऊन बाहेर यायचास. पाइपावर खूण करायला लावायचास. दुसऱ्या दिवशी त्याच खुणेवर चित्राला मुंग्या लागल्या तर तुझं डोकं फिरायचं.

"काऊन बदललं बे?"

"वारा," मी म्हणायचो.

"वाऱ्यानं पाइप फिरंल. खूण त जागेवरच हाये. मंग चित्र काऊन गेलं?"

त्या एका प्रश्नाच्या मागे तू पुण्याला गेलास आणि मी टिनावरच राहिलो. तू कॉम्प्युटरवर बसून तारेत लहरी कशा शिरतात, किती शिरतात याचं गणित मांडायला लागलास. मी अँटेने, डिश आणि लग्नातले भोंगे बांधायला लागलो. तू कधी मोठेपणा दाखवला नाहीस. टोमणे मारायचो तो मी. भांडण हरायला लागलो की म्हणायचो, "तू कधी खांबावर चढला का बे?" मग तू गप्प व्हायचास, आणि मला वाटायचं मी जिंकलो.

भांडण एकच होतं आपलं, तेवीस वर्षं चाललेलं. जाळीवाल्या तारेत मधे बारीक तार, तिच्यावर प्लास्टिक, त्याच्यावर तांब्याची विणलेली जाळी. बाहेरची कटकट बाहेरच राहावी म्हणून ती जाळी. तिला अर्थिंग द्यावं लागतं. ते एका टोकाला द्यायचं की दोन्ही टोकांना? मी एका टोकाचा माणूस. का, तर माझ्या तरुणपणी एका लग्नात मी माइकच्या तारेची जाळी दोन्हीकडे जोडली, आणि मंगलाष्टकं सुरू झाली की भोंग्यात "हूंऽऽऽ". नवरीचा मामा मारायला धावला होता. तेव्हापासून एक टोक मोकळं, ही माझी शपथ.

तू म्हणायचास, "ते माइकचं झालं गजा. इजेसाठी दोन्ही टोकं पाह्यजेत. अन् शेंडी नको."

शेंडी म्हणजे जाळी उसवून, पिळून, शेपटासारखी करून स्क्रूखाली दाबायची. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात, दोन मिनिटांत काम होतं. तुझं म्हणणं, जाळी मनगटात बांगडी बसावी तशी चहूबाजूंनी गोल पकडली पाहिजे. चार बोटं शेंडी सोडली की वीज आत शिरायला तेवढं दार पुरतं. मी म्हणायचो, एवढ्याशा शेंडीनं काय होतं? तू म्हणायचास, दाखवतो. आणि पुण्याहून आलेखांचे कागद पाठवायचास. मी त्यांत पोरांना चिवडा बांधून द्यायचो.

तीन वर्षांपूर्वीची ती सुटी आठवते? पाझर तलाव एकाएकी भरून सांडव्यावरून वाहिला आणि नाल्याखालच्या वस्तीत पाणी घुसलं होतं. माणसं वाचली, गुरं गेली. तू सुटीवर आला होतास. चिखलातून वस्तीभर फिरलास. दुकानात आल्यावर म्हणालास, "गजा, लय सोपं काम हाये हे." सांडव्यापाशी एक तरंगता गोळा, पाणी चढलं की तो उचलला जाणार. तिथून बांधावरून तार, टोकाला जुन्या पंपाच्या खोलीत डबा, डब्यातून अँटेना, आणि वस्तीच्या शाळेवर सायरन. कुणी नसलं तरी वस्ती जागी होणार.

अँटेना तू काढलेल्या चित्रावरून मी बनवला. एक काडी करवतीच्या पात्याच्या जाडीएवढी मोठी झाली तर तू मला ती परत कापायला लावलीस. मी तुझ्या सात पिढ्या काढल्या. पण खांबावर चढवला आणि पहिल्याच झटक्यात चाचणीसाठी शाळेवर लावलेला दिवा लागला. तू खालून ओरडलास, "आलं!" आणि आपण दोघंही पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे बाप्ये पंपाच्या खोलीमागे गळ्यात गळा घालून रडलो. त्या दिवसाचे उपकार मी कसे फेडू? माझ्या हातानं नुसत्या दुरुस्त्याच केल्या होत्या. काहीतरी नवं उभं करायला तू लावलंस.

आता पुढचं. हे लिहायला मी कागद घेतला आणि एवढा वेळ इकडचं तिकडचं सांगत बसलो.

तार टाकायच्या आधी तू पुण्याहून पंधरा फोन केलेस. बांधाची माती काळी की मुरमाड? ओल किती खोल? तार जमिनीपासून किती वर राहील? मी म्हणालो, "पोरगी पाह्यले आला का बे, येवढं इचारून राह्यला?" तू हसलास आणि पुढचा प्रश्न विचारलास. तुझं गणित झालं. दोन पितळी पट्ट्या कुरिअरनं आल्या, जाळीला गोल आवळणाऱ्या, दोन टोकांना दोन. वैशाखातलं ऊन, बांधावर सावलीचं नाव नाही, आणि सांडव्याकडची पट्टी बसवायची तर आधी गोळ्याच्या तारेची डब्बी काढून तिचं भोक मोठं करावं लागणार होतं. तसं अर्ध्या तासाचं काम. मी केलं नाही. कंटाळा होता हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे माझा तुझ्यावर विश्वास नव्हता. ते टोक मोकळं ठेवून टेप गुंडाळली. डब्याकडे आलो आणि हातानं आपसूक शेंडी वळली. पट्ट्या दुकानाच्या खणात गेल्या.

संध्याकाळी तुझा फोन. "जाळी दोन्हीकडं बसवली? गोल?"

मी म्हणालो, "हाव."

एवढंच. एक घास गिळावा तितक्या सहज हो म्हणालो.

मागच्या आश्विनात काय झालं ते तुला मीच फोनवर सांगितलं, पण अर्धंच. दूर कुठेतरी वीज पडली. तलावात पाणी सांडव्याच्या हातभर खाली होतं, गोळा जागचा हलला नव्हता, आणि सायरन बोंबलला. "पया! पया!" करत अख्खी वस्ती उंचावर धावली. गिरजा मावशीनं शेळीचं दावं मनगटाला गुंडाळलं होतं, शेळी बिथरली, मावशी फरफटत गेली. मनगट मोडलं. आठ दिवसांनी पुन्हा तसंच, तेव्हा निम्मी माणसं धावली. तिसऱ्या वेळी कुणीच नाही. मग कुणीतरी शाळेवर चढून सायरनच्या तोंडात पोतं कोंबलं.

पहिल्याच दिवशी मला खणातल्या पट्ट्या आठवल्या. कळलं होतं मला. आणि तरी मी तुला फोनवर म्हणालो, "तुह्या गणितात कायतरी गडबड हाये, मुकुंदा. पाह्य बरं."

तू पाहिलंस. मीनल वहिनी सांगत होत्या, तीन महिने तुझा एक रविवार मोकळा गेला नाही. मग माघात तू इथं आलास, ग्रामसभेत उभा राहिलास, हात जोडलेस. "चूक माह्या गणितात होती. गजाननचं काम बरोबर हाये. सायरन काढू नका, फक्त एक पाणकाळा थांबा." लोकांनी तुला काय काय ऐकवलं! गिरजा मावशीनं वाकडं बसलेलं मनगट सगळ्यांसमोर वर धरलं. तू जाऊन तिच्या पाया पडलास. मी मागच्या रांगेत बसून माझ्या चपलांकडे बघत होतो. त्या चपलांचा अंगठा उसवला होता, तेवढं मला नीट आठवतं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "काऊन येवढं ऐकून घेतलं बे?" तर तू खांद्यावर हात टाकलास. "मले कुठं इथं ऱ्हायचं हाये, गजा. शिव्या पुण्यापर्यंत ऐकू येत नाहीत." मी हसलो. मी हसलो रे, मुकुंदा.

तू जायच्या चार दिवस आधीचा फोन. पोरांची चौकशी केलीस, माझ्या गुडघ्याची केलीस, आणि ठेवता ठेवता म्हणालास, "पाणकाळ्याच्या आधी येकदा डबा उघडून पाह्यशीन?" मी म्हणालो, पाह्यतो. लग्नसराई होती, भोंग्यांची कामं होती. पाहिलं नाही. मग वहिनींचा फोन आला. तू सकाळी टेबलापाशी बसलास तो उठलाच नाहीस.

तेरवीला पुण्यात वहिनींनी मला आत बोलावलं आणि एक जाड फाईल हातात दिली. "भाऊजी, यावर तुमचं नाव आहे. तुमच्याकडेच असू दे." वर तुझ्या अक्षरात 'गजा' लिहिलेलं. मला वाटलं, अँटेन्याची चित्रं असतील. जालन्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा उघडली.

पानामागून पान आलेख. आता मला ते थोडे वाचता येतात, तूच शिकवलंस. माती कोरडी धरून एकदा, ओली धरून एकदा. तार उंच धरून, जमिनीला टेकवून. पट्टी सैल धरून. आपल्याच अँटेन्याची लहर तारेत शिरते का म्हणून. प्रत्येक पानावर फुली. सगळीकडे तू आपली चूक शोधत होतास आणि ती सापडत नव्हती, कारण ती नव्हतीच. शेवटच्या पानावर दोन रेषा होत्या, एक वस्तीत घडलं त्याची आणि एक तुझ्या गणिताची. एकीवर एक बसलेल्या. खाली पेन्सिलीनं एक ओळ: 'वरचं टोक मोकळं, डब्यात चार बोटं शेंडी. जुळलं.'

आणि तारीख. ग्रामसभेच्या अकरा दिवस आधीची.

तुला माहीत होतं. चार बोटं, हेसुद्धा. माझी शेंडी किती लांब असते तेही तुला पाठ होतं. त्या ओळीच्या खाली काहीच नव्हतं. निदान 'गाढवा' तरी लिहायचं होतंस.

मी गाडीत रडलो, आणि देऊळगाव राजा येईपर्यंत मला तुझा राग यायला लागला. खरं सांगतो. मला गावात राहायचंय, दुकान चालवायचंय, म्हणून तू माझी इज्जत झाकलीस. तुझ्यासारखा दोस्त कुणाला मिळत नाही, आणि मी त्या लायकीचा नाही. पण हा मोठेपणा तू वस्तीच्या जिवावर केलास, मुकुंदा. माघानंतरही ते पोतं सायरनच्या तोंडातच राहिलं. तुला वाटलं, हा लाजेनं आपणहून डबा उघडेल. माती कशी, ओल किती, सगळं विचारलंस. तुझा मित्र किती भित्रा आहे ते विचारायचं राहिलं. मला कॉलर धरून विचारायला हवं होतंस. आपण भांडलो असतो, वर्षभर बोललो नसतो, आणि काम झालं असतं. आता मी एकटाच भांडतोय, आणि तू पलीकडून "दाखवतो" म्हणत नाहीस.

घरी आल्यावर चार दिवस फाईल काउंटरखाली पडून होती. रोज दुपारी आभाळात काळं जमायचं आणि मी दुकानाबाहेर येऊन उभा राहायचो. काल सकाळी खण उघडला. पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. चिंच लावून घासल्या. बांधावर गेलो, सांडव्याकडची डब्बी काढली, भोक मोठं केलं. अर्ध्या तासाचं काम, बरोबर अर्धा तास लागला. जाळी सोलली, पट्टीत बसवली, काढून पुन्हा बसवली. माझ्या आयुष्यात हजारो तारा सोलल्या असतील, असं कधी केलं नव्हतं. मग डब्याकडची शेंडी कापली. आधी बोटं लावून मोजली. चारच होती.

दोन्ही टोकं गोल आवळून होतात न होतात तोच बीबी गावाच्या बाजूला गडगडलं. लांब चमकली. मी डब्यावर हात ठेवून उभा होतो, सायरन वाजवणाऱ्या आतल्या 'टक्'ची वाट बघत. टक् झालं नाही. पुन्हा चमकली, पुन्हा काही नाही. एका दिवसाच्या गडगडाटानं काही सिद्ध होत नाही, असं तू म्हणाला असतास, म्हणून मीही स्वतःला तेच सांगितलं. पण त्या जागी मला तुझा आवाज हवा होता, एकदाच.

शिडी लावून शाळेवर चढलो, सायरनच्या तोंडातलं पोतं ओढून काढलं. परत बांधावर आलो आणि गोळा हातानं उचलला. सायरन काय वाजला! बांधावरून खालची वस्ती सगळी दिसते. एक बाई लुगडं वाळत घालत होती, तिनं दुसरं लुगडं पिळायला घेतलं. निंबाखाली पत्ते चालले होते. त्यांतल्या एकानं मान वर केली, आणि पानं वाटली. सायरन वाजत होता आणि कुणीही उठलं नाही.

मी गोळा हातात धरून तिथंच बसलो. तार आता तुझ्या गणिताप्रमाणे होती, काही उपयोग नव्हता. त्या वस्तीच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसलीय: पुण्यावाल्याचं गणित चुकलं होतं. आणि ज्याचं चुकलं तो आता दुरुस्त करायला या जगात नाही. हे त्यांच्या डोक्यातून निघेपर्यंत पाणी आलं तरी ते पानंच वाटत बसणार. ते काढणारा माणूस एकच उरलाय, आणि त्याला या गावात राहायचंय.

आज सकाळी गिरजा मावशीच्या दारात गेलो. ती ओसरीवर एका हातानं गवारीच्या शेंगा मोडत होती. वाकडं मनगट मांडीवर ठेवलेलं. "ये बाप्पा," म्हणाली, "टीव्ही त चालू हाये माहा." मी उभाच राहिलो.

"मावशी, मुकुंदाचं गणित बरोबर होतं. चूक माही होती. त्यानं सांगतलं तसं मी केलंच नाही, अन् त्याले केलं म्हणून सांगतलं. तुमचा हात माह्यापायी मोडला."

तिनं हातातली शेंग मोडली नाही. घरातून सून बाहेर आली, शेजारचा म्हातारा कुंपणाशी येऊन थांबला. म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर होणार होतं. मला वाटलं ती ओरडेल, शिव्या देईल. तयारी होती माझी.

"अन् तो पोट्टा माह्या पाया पडला," ती म्हणाली. "मी त्याले पायाले हात लावू देल्ला नाही. पाय मांगं घेतले."

तिनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि पश्चिमेकडे मान वळवली. तिकडे सकाळीच काळं धरलं होतं.

"मंग आता वाजला त पयाचं का?"

मुकुंदा, मी आधी सांडव्याकडचं टोक डोळ्यांसमोर आणलं. पट्टी गोल बसलीय, स्क्रू आवळलाय. मग डब्याकडचं. तेही गोल, शेंडी नाही. मग पुन्हा एकदा पहिलं. तू विचारतोयस असं धरून सगळं एकदा तपासलं, आणि मग म्हणालो,

"हाव."